विलायतेची परीक्षा आणि कुर्ल्यातला दवाखाना

या सदरात आपण बहुधा खोकला, मधुमेह, सर्पदंश असे विषय घेतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. कणकवलीजवळच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. मुलगी एम.बी.बी.एस. झाली. पदव्युत्तर प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला दोनदा बसली, पण हवी ती जागा मिळाली नाही. खाजगी कॉलेजचा आकडा ऐकून गुरुजी गप्प बसले. आता मुलगी म्हणते, "मी इंग्लंडची एम.आर.सी.पी. देते." गुरुजींचे प्रश्न असे: ही नेमकी काय पदवी आहे? खर्च किती? ती घेऊन परत आली तर इथे तिला कोणी विचारील काय? आणि पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात: भविष्य निर्वाह निधीचे पैसे अजून शिल्लक आहेत, ते यात घालावेत का?

हेच प्रश्न मला दवाखान्यातही विचारले जातात. मी एम.डी. झाल्यावर १९९० नंतरच्या वर्षांत ही परीक्षा दिली, काही वर्षे तिकडच्या सरकारी इस्पितळांत नोकरी केली आणि परत येऊन कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरात दवाखाना थाटला. माझे निम्मे रोगी आपल्याच तळकोकणातले. गिरणीत, मोटारीच्या कारखान्यात, बेस्टमध्ये नोकऱ्या करून इथेच राहिलेली माणसे आणि आता त्यांची नातवंडे. त्यातली काही नातवंडे डॉक्टर झाली आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

एम.आर.सी.पी. म्हणजे काय?

लंडन, एडिंबरो आणि ग्लासगो येथे फिजिशियन डॉक्टरांची तीन जुनी कॉलेजे आहेत. लंडनचे १५१८ सालचे, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षांहून आधीचे. नाव कॉलेज असले तरी ही आपल्या जे.जे. किंवा केईएमसारखी शिकवणारी महाविद्यालये नव्हेत. या धंदेवाईक डॉक्टरांच्या संस्था आहेत. त्या परीक्षा घेतात आणि उत्तीर्ण होणाऱ्याला आपले सदस्य करून घेतात. एम.आर.सी.पी. याचा अर्थ 'कॉलेजचा सदस्य' एवढाच. आता तिन्ही कॉलेजे मिळून एकच परीक्षा घेतात. शल्यविशारदांची एम.आर.सी.एस. आणि प्रसूतितज्ज्ञांची एम.आर.सी.ओ.जी. याच घराण्यातल्या. जुन्या लोकांच्या तोंडी असलेली एफ.आर.सी.एस. आता प्रशिक्षणाच्या अगदी शेवटी द्यायची परीक्षा झाली आहे.

परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पहिल्या दोन लेखी. प्रत्येकीत तीन-तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका, एकेकीत शंभर प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरे दिलेली असतात आणि पाचही बऱ्यापैकी बरोबर वाटतात. त्यातले सर्वांत योग्य कोणते, ते ओळखायचे. या लेखी परीक्षा भारतात बसून देता येतात. तिसरा टप्पा प्रत्यक्ष रोगी तपासण्याचा. त्याला 'पेसेस' म्हणतात. तीही भारतात कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणी होते, पण जागा कमी असल्याने पुष्कळांना परदेशी केंद्र घ्यावे लागते.

लेखी परीक्षेविषयी मी फार लिहीत नाही. आपली मुले पाठांतराला कमी नाहीत, वर्षभर नेटाने बसली की ती पार पडते. खरी मेख तिसऱ्या टप्प्यात आहे.

आधी हे जुने प्रकरण

विलायतेला जाऊन परीक्षा देण्याची ओढ आपल्याकडे फार जुनी. रखमाबाईंचे नाव वाचकांना ठाऊक असेल. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारल्याबद्दल ज्यांच्यावर खटला झाला, त्याच या. पुढे लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून त्या १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर काम केले. मुंबईच्या पेडर रोडला ज्यांचे नाव दिले आहे ते डॉ. गोपाळराव देशमुख हेही एफ.आर.सी.एस. झालेले शल्यविशारद. हिंदू स्त्रियांना मालमत्तेत हक्क देणारा १९३७ चा कायदा त्यांनी मांडला होता.

त्या काळी या पदव्यांना एक व्यावहारिक किंमतही होती. सरकारी इस्पितळांतल्या अध्यापनाच्या वरच्या जागा गोऱ्या आय.एम.एस. अधिकाऱ्यांच्या हाती असत. विलायतेची पदवी असूनही आपल्या माणसाला तिथे शिरकाव कठीण. म्हणून परळला सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम उभे राहिले तेव्हा देणगीदारांनी अटच घातली की शिकवायला भारतीयच नेमायचे. लंडनहून एम.डी., एम.आर.सी.पी. होऊन आलेले डॉ. जीवराज मेहता तिथे कितीतरी वर्षे डीन होते.

आणि शिरोडकर! गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९२७ साली मुंबईचे एम.डी. झाले आणि १९३१ साली विलायतेहून एफ.आर.सी.एस. घेऊन आले. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण त्याच्या आदल्याच वर्षी, १९३० साली, ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती. या वादाची सुरुवात कशावरून झाली होती? भारतात प्रसूतिशास्त्र नीट शिकवले जात नाही यावरून! त्या वादातूनच १९३३ चा कायदा आला आणि आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल निघाली. इकडे शिरोडकर जे.जे.मध्ये काम करीत राहिले. काही बायकांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येताच पडतो, कारण गर्भाशयाचे तोंड सैल असते आणि वजन वाढले की ते आपोआप उघडते. अशा वेळी त्या तोंडाभोवती आतून पट्टी आवळून टाका घालण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ साली जगापुढे मांडली. सुरुवातीला ही पट्टी ते रोगिणीच्याच मांडीतल्या आवरणाची काढीत. लंडनपासून अमेरिकेपर्यंत हा 'शिरोडकर टाका' शिकवला गेला. आजही आपल्या गावाकडे "हिला पाचव्यात टाका घातला होता" असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा तो याच टाक्याचा किंवा त्याच्या सोप्या भावंडाचा प्रकार असतो. (ज्या बाईचे असे दोन गर्भ गेले असतील तिने पुढच्या खेपेला पाचव्या महिन्याची वाट न पाहता तिसऱ्या महिन्यातच डॉक्टर गाठावा, हेही जाता जाता सांगतो.)

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षे भारतीय एम.बी.बी.एस. डॉक्टर थेट ब्रिटनमध्ये नोंदणी करून कामाला लागत असे. तिथली सरकारी आरोग्यसेवा या डॉक्टरांच्या जिवावर चालली म्हटले तरी चालेल. १९७५ साली कौन्सिलने ही सरसकट मान्यता पुन्हा थांबवली आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी चाचणी सुरू केली. तीच पुढे 'प्लॅब' म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे हे दार कधी सताड उघडे, कधी किलकिले, असे शंभर वर्षे चालू आहे. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर देताना हे विसरून चालत नाही.

तपासण्याच्या खोलीत

मी परीक्षा दिली तेव्हा 'पेसेस' नव्हती. ती २००१ साली आली. आमच्या वेळी एका रोग्याबरोबर तासभर बसायचे आणि मग परीक्षकांना सारे सांगायचे. त्यानंतर अर्धा तास 'शॉर्ट केसेस'. परीक्षक पुढे, आपण मागे, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. "या गृहस्थांचे हृदय तपासा", "यांच्या पोटाला हात लावून पहा". बोलणे कमी, घड्याळ सारखे समोर.

इथे आपल्या मुलांचा हात चांगला चाले. महापालिकेच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी शंभर-शंभर रोगी पाहिलेल्याला वाढलेली पाणथरी, छातीत साठलेले पाणी, सुजलेले यकृत हे बोटांना सरावाचे असते. हृदयाची झडप आकसण्याचा रोग तिकडे दुर्मीळ झाला होता. डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटी हलकेच टेकवून ऐकायचा तो खालच्या पट्टीतला घरघराट तिकडच्या तरुण डॉक्टरांना ऐकायलाच मिळत नसे. आम्ही तो आठवड्यातून चारदा ऐकलेला. यात अभिमान वाटण्याजोगे काही नाही. मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, मग गुडघे-घोटे आळीपाळीने सुजतात, आणि आईबाप ते वाढीचे दुखणे समजतात. त्यातूनच पुढे ही झडप बिघडते. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते आणि ते बंद करायचे नसते. तिकडे घरे सुधारली, गर्दी कमी झाली, घशावर वेळीच औषध मिळू लागले आणि तो रोग गेला.

पण आमच्यातले हुशार डॉक्टर नापास होत ते वेगळ्याच कारणांनी. माझ्या खोलीत राहणारा एक मित्र, मुंबई विद्यापीठात पहिल्या काहींत आलेला, रोगनिदान बिनचूक करी. त्याने एका म्हाताऱ्या बाईंचे पोट तपासले. तपासताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, थंड हात तसाच टेकवला, दुखल्याचे त्यांच्या कपाळावर दिसले तरी दाबत राहिला, आणि झाल्यावर पांघरूण न घालता परीक्षकांकडे वळला. निदान बरोबर, निकाल नापास. त्याला ते पटेना. "रोग ओळखला ना मी?" असे तो आठवडाभर म्हणत होता.

आजच्या 'पेसेस'मध्ये तर हे सारे लेखी ठरलेले आहे. पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला दोन परीक्षक, आणि दोघे एकमेकांना न विचारता गुण देतात. सात गोष्टी पाहिल्या जातात. तपासण्याची पद्धत, लक्षणे ओळखणे, संभवनीय रोगांचा विचार, पुढचा निर्णय या चार तर आपल्याला अपेक्षितच. उरलेल्या तीन पहा: रोग्याशी नीट बोलणे, त्याच्या मनातली काळजी ओळखून तिचे उत्तर देणे आणि त्याला इजा, त्रास वा अपमान होऊ न देणे. सातांपैकी एकातही कमी पडला तर बाकीचे गुण उपयोगाचे नाहीत. बोलण्याच्या टप्प्यात समोर सोंग घेतलेला रोगी बसतो. तो रडतो, चिडतो, गप्प बसतो. त्याला कर्करोग झाल्याचे सांगायचे, किंवा इस्पितळाच्या हातून झालेली चूक त्याच्यापुढे कबूल करायची, असले पेच असतात.

यातला सर्वांत कठीण पेच आपल्या माणसाला नातेवाइकांचा पडतो. तिकडचा नियम स्पष्ट आहे. रोग रोग्याचा, माहितीही त्याची. त्याच्या परवानगीवाचून मुलालासुद्धा सांगायची नाही. आपल्याकडे नेमके उलटे. आधी मुलाला बाहेर बोलावून सांगायचे आणि बापाला "थोडी सूज आहे, बरी होईल" म्हणायचे. आपले उमेदवार परीक्षेतही सवयीने मुलाशी बोलू लागतात आणि तिथेच अडकतात.

परत आल्यावर मला वाटत होते की हा नियम कुर्ल्यात चालणार नाही. पुष्कळ अंशी ते खरेही आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, रोग्याची फाईल शेजारीण वाचते, तिथे गुपित कुठले? काही वर्षांपूर्वी मालवणकडचे एक आजोबा आले. विडी सुटलेली, पण उशिरा. छातीच्या फोटोत सावली होती, तुकड्याचा अहवालही आला होता. मुलगा आधी एकटा आत आला आणि हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका. ते खचतील." मी त्याला एवढेच म्हटले की मी आपणहून काही सांगत नाही, पण त्यांनी विचारले तर खोटेही बोलणार नाही. मग आजोबांना बसवले आणि विचारले, "आजोबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" हा प्रश्न मी परीक्षेच्या तयारीत शिकलो होतो. आजोबा मुलाकडे न पाहता म्हणाले, "माका काय झाला ता खरा सांगा. झील मोरीत जावन रडता, ता माका दिसना नाय असा वाटता काय तुमका?"

त्यानंतर आम्ही तिघे अर्धा तास बोललो. बाहेर रोगी खोळंबले होते, ते कुरकुरले. आजोबांनी जड औषधे नको म्हटले, दम आणि दुखणे यांवर उपाय मागितले, गावच्या जमिनीचे कागद दोन्ही मुलांच्या नावे करून घेतले आणि चतुर्थीला घरी गेले. गणपतीनंतर महिनाभराने वारले. मुलगा अजून माझ्याकडे येतो. सगळ्यांनाच असे कळून घ्यायचे असते असे नाही. "मुलाशीच बोला" म्हणणारेही भेटतात आणि त्यांचेही ऐकावे. प्रश्न मात्र रोग्यालाच विचारावा लागतो.

वाचकहो, तुमच्या डॉक्टरकडून तुम्हीही एवढे मागू शकता. तपासण्याआधी विचारणे, हात धुणे, पडदा ओढणे, शेवटी "आणखी काही शंका?" म्हणणे. यातल्या कशालाच यंत्र लागत नाही. वेळ लागतो हे खरे, आणि तो आपल्याकडच्या डॉक्टरकडे कमी असतो हेही खरे.

पैशाचा आणि नोकरीचा हिशेब

आता गुरुजींच्या बारीक अक्षरांकडे. परीक्षेच्या फिया दरवर्षी बदलतात, पण अंदाज असा की तिसऱ्या टप्प्याचीच फी लाखाच्या पुढे जाते. प्रवास, मुक्काम, शिकवणीचे वर्ग वेगळे. प्रत्येक टप्प्याला साधारणपणे सहाच संधी असतात आणि पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सात वर्षांत बाकीचे संपवावे लागते. शिवाय इंग्रजीची परीक्षा. आयल्ट्सला सरासरी साडेसात, आणि चारांपैकी एकाही भागात सातापेक्षा कमी नको. 'प्लॅब' दिली तर तिचा दुसरा भाग मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो. संपूर्ण एम.आर.सी.पी. असेल तर 'प्लॅब' लागत नाही.

उत्तीर्ण झाली म्हणजे नोकरी लागली असे मात्र नाही, आणि एजंट लोक नेमके हेच सांगत नाहीत. एप्रिल २००६ मध्ये ब्रिटनने परदेशी डॉक्टरांची परमिटशिवाय प्रशिक्षण घेण्याची सवलत एकाएकी काढून टाकली. परीक्षा उत्तीर्ण झालेली आपली शेकडो मुले पूर्व लंडनच्या ईस्ट हॅम भागात एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. काहींच्या जेवणाची सोय तिथल्या देवळाने केली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची 'बापिओ' ही संघटना न्यायालयात गेली आणि २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एका मुद्द्यावर डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. तोवर पुष्कळ जण कर्ज डोक्यावर घेऊन परतले होते. याच संघटनेने पुढे कुटुंबवैद्यांच्या परीक्षेत गोऱ्यांपेक्षा आपले उमेदवार फार नापास होतात म्हणून दावा लावला. २०१४ साली तो फेटाळला गेला, पण आता काही करण्याची वेळ आली आहे असे न्यायाधीशांनी कॉलेजला सुनावलेही. आणि २०२५ साली तिथल्या सरकारने जाहीर केले की प्रशिक्षणाच्या जागांवर त्यांच्याच देशात शिकलेल्यांना अग्रक्रम द्यायचा. दार पुन्हा किलकिले होत आहे.

परत आल्यावर काय? नुसती एम.आर.सी.पी. म्हणजे आपल्याकडची एम.डी. नव्हे. खुद्द ब्रिटनमध्येही ही परीक्षा प्रशिक्षणाच्या पहिल्या काही वर्षांत देतात. त्यापुढे विशेषज्ञ होण्यासाठी आणखी चार-पाच वर्षे काम करून प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला मिळवावा लागतो. २००८ पासून आपल्याकडे ब्रिटनसह पाच देशांच्या पदव्युत्तर पात्रतेला मान्यता मिळू लागली ती असे पूर्ण प्रशिक्षण घेऊन येणाऱ्यांना. घरी बसून तीन परीक्षा दिल्या आणि पाटी बदलली, असे होत नाही.

म्हणून माझे मत असे. मुलीला शिकण्याची हौस असेल तर पहिला लेखी भाग तिने नोकरी करता करता, स्वतःच्या पगारातून द्यावा. अभ्यास वाया जात नाही, 'नीट'लाही उपयोगी पडतो. निर्वाह निधीला मात्र हात लावू नये, आणि जमीन तर मुळीच विकू नये. 'आधी पैसे भरा, नोकरीची हमी' म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नये. डी.एन.बी.चा मार्गही आहे. त्याची पदवी इथे मान्य आहे आणि जागा पुष्कळ जिल्ह्यांत आहेत.

शेवटी पाट्यांविषयी. शहरात काय नि तालुक्याला काय, काही पाट्यांवर 'एम.आर.सी.पी. (भाग १)' असे लिहिलेले दिसते. अशी पदवी नाही. काही इंग्रजी अक्षरांपुढे कंसात 'लंडन' असते, पण ती वर्गणी भरून मिळालेल्या सदस्यत्वाची असतात. त्यामागे परीक्षाच नसते. आपल्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असलाच पाहिजे, हा नियम आहे. तो पाहावा, दिसला नाही तर विचारावा. ब्रिटनमध्ये नोंदणी असल्याचे कोणी सांगत असेल तर तिथल्या कौन्सिलचे रजिस्टर इंटरनेटवर सर्वांना खुले आहे. नाव घातले की दोन मिनिटांत कळते.

पुढील आठवड्यात: भातलावणी आणि लेप्टोचा ताप. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कुर्ल्यात आम्ही जे पाहिले, त्यावरून.